पायथ्याशी बसून केलेली तयारी

संध्याकाळचा चहा झाला, कपबशा बाजूला सारल्या आणि आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर औलीच्या सहलीचे तब्येतीचे फॉर्म भरले. आम्ही मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. ती प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचो, ती लिहायची. आमच्या घरात लिहिण्या-वाचण्याचं खातं पहिल्यापासून तिच्याकडे. ती मॅट्रिक पास. मी सातवीत शाळेला कंटाळलो आणि शाळा मला.

"मधुमेह?"

"नाही."

"रक्तदाब?"

"तुझ्या भावाचा फोन आला की वाढतो."

"अहो, होय का नाही एवढंच लिहायचंय. भावाला जागा नाही इथे."

"नाही लिही मग."

"गुडघेदुखी?"

इथे मी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"नाही."

"नक्की?"

"रोज टेकडीच्या दोन फेऱ्या मारतोय, पाठीवर बारा किलो घेऊन. गुडघे दुखत असते तर मारल्या असत्या का?"

तिने माझ्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं. मग स्वतःचा फॉर्म पुढे ओढला आणि मला काही न विचारता, काही न वाचून दाखवता, वरपासून खालपर्यंत भराभर 'नाही' लिहीत गेली. मला बरंच वाटलं. माझ्या गुडघ्यांचा विषय मागे पडला होता.

आता खरं काय ते सांगतो. त्या टेकडीची एकही फेरी मी मारलेली नव्हती. तीन महिने मी पायथ्याशी चहाच्या दुकानात बसून हिमालयाची तयारी करत होतो. हे तिला सांगायचं होतं. तसं मी मनाशी ठरवलं होतं, फक्त दिवस ठरवला नव्हता. निघायला अजून अठरा दिवस होते. बहात्तर वर्षांच्या माणसाला अठरा दिवस भरपूर वाटावेत, यावरून मी शाळेत किती शिकलो ते कळेल.

औलीचं खूळ संक्रांतीला निघालं. आमच्या सोसायटीच्या मागे टेकडी आहे आणि टेकडीवर रोज सकाळी जाणाऱ्यांचं एक मंडळ आहे. पुण्यात चार माणसं एका वाटेने दोनदा गेली की तिसऱ्या दिवशी त्यांचं मंडळ होतं आणि चौथ्या दिवशी अध्यक्ष. आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. वाढदिवस असो, नव्या बाकाचं उद्घाटन असो, कोणाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पार पडलेलं असो, गुरुजी 'दोन शब्द' बोलतात. त्या दोन शब्दांत लोकांचे पाय अवघडतात. बायको या मंडळात होती. मी नव्हतो. मला सकाळी वर्तमानपत्र लागतं आणि वर्तमानपत्राला खुर्ची लागते.

त्या दिवशी ती तिळगुळाची वाटी हातात घेऊन आली आणि म्हणाली, "मे महिन्यात मंडळ औलीला चाललंय. आपण जायचं."

"औली कुठे आलं?"

"हिमालयात. हिवाळ्यात तिथे लोक पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरतात."

"आणि मे महिन्यात?"

"मे महिन्यात बर्फ नसतो. कुरणं असतात. गवतातून चालायचं."

"म्हणजे बर्फाच्या गावाला बर्फ वितळल्यावर जायचं. उपवासाच्या दिवशी खानावळीत जाऊन बसायचं, तसंच की हे. आणि चालायला काय पुणं कमी पडलं?"

ती हसली नाही. एरवी हसायची. म्हणाली, "मला बर्फात जायचंच नाहीये. पाय कोरडे राहिले पाहिजेत. समोर लांब बर्फाचे डोंगर आणि आपण गवतातून चालतोय, एवढंच एकदा करायचंय. तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते."

तिचं बालपण साताऱ्याकडच्या डोंगरातलं. लग्न होऊन आली ती खडकीच्या क्वार्टरमध्ये, जिथे सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी. मी दारूगोळ्याच्या कारखान्यात लेथवर होतो, चौतीस वर्षं. सरकार दर काही वर्षांनी म्हणायचं, बायकोला घेऊन फिरून या. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. असं करता करता निवृत्त झालो. माणूस निवृत्त होतो, पण 'पुढच्या वर्षी' काही निवृत्त होत नाही.

तर 'एकटी जाते' हे ऐकल्यावर मला जोर चढला. म्हणालो, "एकटी कशाला? मी येतो ना. दमलीस तर पाठीवर घेऊन चालीन."

हे बोलताना मी उभा होतो आणि एका हाताने टेबल धरलं होतं. चौतीस वर्षं लेथपुढे उभं राहिलेल्या माणसाचे गुडघे कसे असतात ते लेथवाल्यालाच माहीत. माझे तेव्हा दहा वर्षं कुरकुरत होते. पण ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. का, तर दुखतंय म्हटलं की ती तेल कोमट करून आणायची, दोन्ही पाय मांडीवर घ्यायची आणि मग मला काही बोलता यायचं नाही. मला बोलता न येणं परवडत नाही.

गुरुजींनी सूचनांचा कागद काढला. सूचना चौदा होत्या. पहिली, प्रत्येकाने रोज पाठीवर वजन घेऊन टेकडी चढावी. सातवी, प्रवासात राजकारणावर चर्चा नको. अकरावी मला फार लागली. तिथे तारेवर लटकत वर जाणाऱ्या खुर्च्या आहेत असं ऐकून माझी सगळी भिस्त त्या खुर्च्यांवर होती. अकराव्या सूचनेत लिहिलं होतं : खुर्च्यांचा मोह टाळावा. आपण चालत जाऊ.

पहिल्या दिवशी मी खरंच चढायला गेलो, हे माझ्या बाजूने एवढंच. चाळीस पायऱ्या चढलो असेन. डावा गुडघा आधी बोलला, मग उजवा. मी एका झाडाखाली बसलो. मला मागे टाकून एक आजी गेल्या, पायात साध्या सपाता, हातात फुलांची परडी. नंतर एक कुत्रं गेलं. कुत्र्याने वळून पाहिलं. आजींनी तेवढंही केलं नाही. मी उतरलो. उतरताना गुडघे चढतानापेक्षा जास्त बोलतात, ही माहिती चौदा सूचनांत कुठेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "तू तुझ्या मंडळाबरोबर पायऱ्यांनी जा. मी मागच्या वाटेने जातो. ती वाट जास्त उभी आहे, बायकांचं काम नाही ते. घरीच भेटू."

टेकडीच्या मागच्या अंगाला वाट आहे, हे खरं. ती उभी आहे, हेही खरं. तिच्या तोंडाशी एक अमृततुल्य आहे, हे मी सांगितलं नाही.

मग आमचं रोजचं सुरू झालं. सकाळी सहाला दोघं घरून निघायचो. माझ्या पाठीवर सॅक. ती तिने स्वतः भरली होती : पाच किलो तांदूळ, तीन किलो तूरडाळ, दोन किलो गूळ, पाण्याच्या दोन बाटल्या. वजनकाट्यावर ठेवून, बारा किलो झाल्याची खात्री करून, गुळाला मुंग्या लागू नयेत म्हणून वरून आणखी एक पिशवी बांधून. हा संसार घेऊन मी चहाच्या दुकानात जायचो, बाकाखाली ठेवायचो आणि पेपर उघडायचो.

दुकानदार रोज विचारायचा, "काका, हिमालय कुठवर आला?"

मी म्हणायचो, "दुसऱ्या कपापर्यंत."

सव्वासातला उठायचो. कोपऱ्यावरच्या नळाखाली मान ओली करायचो, थोडं पाणी छातीवर. बुटांना तांबडी माती लावायला शेजारच्या नर्सरीच्या ढिगात पाय घोळायचो. आणि घरी जाऊन धापा टाकायचो. धापा मात्र खऱ्या असायच्या, कारण आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट तिने बंद केली होती. म्हणजे लिफ्ट चालू होती, आम्हाला बंद होती. सरावाचा भाग म्हणून.

एकदा ती टॉवेल देताना म्हणाली, "तुम्हाला घाम फक्त गळ्याशीच कसा येतो हो?"

"माणसामाणसाचा घाम वेगळा असतो."

"आणि किती गार आहे!"

"उंचावरचा आहे," मी म्हणालो. ती हसली. मी पण हसलो. आपलं जमलं, असं मला वाटलं. च्यायला, मला किती काय काय वाटायचं.

दोन फेऱ्यांची गोष्ट अशी झाली की एक दिवस दुकानात गप्पा रंगल्या आणि उशीर झाला. कारण विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "आज दोन फेऱ्या मारल्या." ती बघतच राहिली. संध्याकाळी तिने ते खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं. वहिनींनी गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी टेकडीवर टाळ्या वाजवायला लावल्या, मी गैरहजर असताना. एकदा टाळ्या वाजल्यावर माणूस एका फेरीवर परत कसा येणार? तेव्हापासून रोज दोन.

तयारीतला एकच भाग मी प्रामाणिकपणे केला. कारखान्यात आमचा नियम होता, चाचणी घेतल्याशिवाय माल दाराबाहेर जायचा नाही. म्हणून लोकरीचे हातमोजे आणले तेव्हा मी हातमोजा घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात हात घातला आणि दुसऱ्या हातात घड्याळ धरून उभा राहिलो. दहा मिनिटं टिकला तर पास.

ती मागून येऊन म्हणाली, "किती वेळ आहे?"

"सहा मिनिटं झाली."

"मला मटार काढायचेत. हिमालय जरा बाजूला घ्या."

मग कानटोपी. कानटोपी फ्रिजमध्ये कशी तपासायची, यावर मी बराच विचार केला. तिने तो विचार हाणून पाडला. "डोकं आत घातलंत तर दार लावून घेईन," म्हणाली.

आता गडाचं सांगतो. हे सांगताना मला स्वतःची टिंगल करायला बरं वाटत नाही, पण दुसरी पद्धत मला येत नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी मंडळाने सगळ्यांना सिंहगडावर नेलं, वजनासकट. ही परीक्षा होती. पायथ्याला सहाला पोचलो. खडकवासल्याच्या पाण्यावर अजून ऊन आलं नव्हतं. मी बुटाची नाडी बांधायला बसलो आणि म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे. मी माझ्या चालीने येतो." सगळे गेले. तीही गेली, दोनदा मागे वळून बघत. ती वळणाआड झाल्यावर मी नाडी सोडली आणि वडापच्या जीपमध्ये जाऊन बसलो, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी.

वर पोचलो, वाहनतळापासून हळूहळू एका झोपडीपाशी गेलो, मडक्यातलं दही मागवलं. एक संपवलं, दुसरं मागवलं. तासाभराने मंडळ यायला लागलं. पहिले गुरुजी. मला बघून त्यांनी हातच जोडले. "अहो, आम्हाला ओलांडून तुम्ही गेलात कधी?"

"मधली एक चोरवाट आहे," मी म्हणालो.

बहुतेक सगळे आले. ती नव्हती. अर्धा तास गेला, आणखी दहा मिनिटं गेली, तेव्हा ती खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या हाताला धरून आली. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. मला बघून तिने हात वर केला.

आणि मी, दोन मडकी दही खाऊन बसलेला, जीपने आलेला माणूस, सगळ्यांच्या देखत म्हणालो, "किती हा वेळ! असं चाललात तर औलीत गवत सुकून जाईल."

सगळे हसले. ती पण हसली, बाकावर बसून, एक हात छातीवर ठेवून. माझ्या विनोदाने तिला दम लागला, असं मला वाटलं.

उतरतानाही मी काहीतरी कारण काढून मागे राहिलो आणि जीपने आलो. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर ठरवलं की हिला सांगायचं. सकाळी उठलो तर ती म्हणाली, "काल तुम्हाला वर बसलेलं बघितलं ना, मला धीर आला. म्हटलं, यांना जमतंय तर मलाही जमेल." आता यावर काय सांगणार? सॅक उचलली आणि चहाच्या दुकानात गेलो.

तर त्या संध्याकाळी फॉर्म भरून झाले. तिने ते पाकिटात घातले, पाकीट टीव्हीवर ठेवलं आणि कुकर लावायला आत गेली. मी बातम्या लावल्या. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी झाली. तीन झाल्या की ती गॅस बंद करते. चौथी झाली, पाचवी झाली. मी ओरडलो, "अगं, भाताचं पिठलं करतेस का?" सहावीला उठलो.

ती ओट्याला टेकून खाली बसली होती. वाटावं, डबा शोधायला बसली आहे. मी आधी गॅस बंद केला. हे मला अजून कळत नाही, आधी गॅस का बंद केला.

खालच्या मजल्यावरचे लोक धावून आले, त्यांच्याच गाडीतून नेलं. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "आधी काही त्रास होता? दम लागणं, छातीत जड वाटणं?" मी ठणकावून सांगितलं, "काही नाही. रोज टेकडी चढायची. गेल्याच रविवारी सिंहगड केला." डॉक्टर म्हातारा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही बरोबर असायचात?" मी म्हणालो, "हो." त्याने मान हलवली आणि हृदय बंद पडल्याचं सांगितलं.

मुलगी बेंगळुरूला असते. ती येईपर्यंत थांबायचं ठरलं.

सकाळी घरात माणसं भरली. मंडळ सगळं आलं, टेकडीवर जायचे तेच बूट घालून. दारात बुटांचा ढीग, सगळ्यांना तांबडी माती. मुलगी पहाटेच्या विमानाने आली, आईपाशी बसली, रडली. मग माझ्यापाशी आली, माझा हात धरून म्हणाली, "बाबा, एवढं एकच बरं झालं. शेवटचे तीन महिने तुम्ही रोज तिच्याबरोबर चढत होतात. ती फोनवर दुसरं काही बोलायचीच नाही. आज बाबांनी दोन फेऱ्या मारल्या, आज बाबा गडावर पहिले पोचले."

मी म्हणालो, "चहा घेतलास का?"

मग खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. त्या या सोसायटीत तिची सगळ्यात जवळची मैत्रीण. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या मनावर एक ओझं आहे. रागवा हवं तर. गेले पंधरा दिवस ती टेकडी पुरी चढतच नव्हती. दुसऱ्या वळणावर बाक आहे ना, तिथे बसायची. छातीत भरून येतं म्हणायची. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाली, औलीहून आल्यावर जाऊ."

"मला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली होती मला. म्हणाली, या वयात ते माझ्यासाठी बारा किलो घेऊन दोन-दोन फेऱ्या मारतायत. जन्मात कधी कुठे चला म्हणाले नाहीत, आता येतो म्हणाले. मी बाकावर बसते कळलं तर लगेच सगळं रद्द करतील. कळू द्यायचं नाही." मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पण भाऊजी, तुम्ही वरून उतरताना तुम्हाला ती बाकावर कधी दिसली नाही? मागची वाट तिथूनच तर जाते."

मागची वाट कुठून जाते, हे मला माहीत नव्हतं.

"नाही दिसली," मी म्हणालो.

बघा, तेव्हाही. ती पलीकडच्या खोलीत जमिनीवर निजलेली आणि मी दारात उभा राहून आणखी एक ठोकून दिली. वहिनी म्हणाल्या, "झाडीमुळे दिसली नसेल." मी म्हणालो, "झाडीमुळेच."

वैकुंठ स्मशानभूमीत नेलं तेव्हा साडेनऊ झाले होते. विद्युतदाहिनीकडे आधी एकाचं चाललं होतं, थांबावं लागणार होतं. पुण्यात स्मशानात थांबायचं म्हटलं की भाषणं होतात. बाहेर शेड आहे, कठडा आहे, माणसं अर्धगोल करून उभी राहतात आणि कोणीतरी म्हणतं, दोन शब्द बोला. कोणी म्हणायच्या आतच गुरुजी पुढे आले. त्यांनी खिशातून कागद काढला. म्हणजे सकाळी सकाळी लिहूनही झालं होतं.

चांगलं बोलले. तिच्याबद्दल जे बोलले ते सगळं खरं होतं. ती सगळ्यांसाठी लिंबाचं सरबत न्यायची, कोणाचा वाढदिवस विसरायची नाही, चढताना जुनी गाणी म्हणायची. हे गाण्याचं मला माहीत नव्हतं. घरी ती गाणी म्हणायची नाही. बहुतेक मी बातम्या लावलेल्या असायच्या.

मग गुरुजींनी कागद उलटला. "आणि या माउलीच्या मागे सावलीसारखे उभे असलेले आमचे हे मित्र. आदर्श दाम्पत्य म्हणजे काय, ते आम्ही टेकडीवर रोज पाहिलं. पत्नीच्या एका इच्छेसाठी बहात्तराव्या वर्षी पाठीवर बारा किलोंचं ओझं घेऊन दोन-दोन वेळा डोंगर चढणारा पती! मित्रहो, मी स्वतः साक्षीदार आहे..."

लोक माझ्याकडे बघायला लागले. दोन-तीन बायका रडायला लागल्या, आता माझ्यासाठी. मुलीने माझा दंड घट्ट धरला. बायको स्ट्रेचरवर होती, चेहरा उघडा, कपाळावर कुंकू, आणि गुरुजी मोठ्याने बोलत होते. आणि मला एवढंच दिसत होतं की अजून पंधरा मिनिटांनी हिला आत ढकलतील आणि हिच्याबरोबर दोन फेऱ्या पण आत जातील, आणि मग त्या कायमच्या खऱ्या होतील. मुलगी नातवाला सांगेल. मंडळ एखाद्या बाकावर नाव घालेल. आणि ती काही माहीत नसताना जाईल.

"गुरुजी, थांबा," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मला भरून आलं. ते जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मोकळे व्हा. मोकळे व्हा."

"हात काढा आधी."

त्यांनी काढला. मी मुलीचाही हात सोडवला आणि स्ट्रेचरजवळ गेलो. लोकांकडे पाठ झाली, पण त्याला इलाज नव्हता. सांगायचं तिला होतं.

"अगं," मी म्हणालो, "मी टेकडी चढलो नाही. दोन फेऱ्या नाही, एक नाही, अर्धी नाही. पहिल्या दिवशी चाळीस पायऱ्या, तेवढंच. खाली चहा पीत बसायचो. घाम नळाचा होता. गडावर जीपने आलो, कोंबड्यांबरोबर. माझे गुडघे गेलेत, दहा वर्षं झाली. तुला कळू नये म्हणून हे सगळं केलं. आणि तू बाकावर बसत होतीस ते मला दिसलं नाही, कारण मी तिथे नव्हतोच."

मागे कोणीतरी खोकलं. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आत्ता नको ना."

"आत्ताच," मी म्हणालो. "आधीच उशीर झालाय."

वहिनी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, ते बघणं मी विसरणार नाही, आणि विसरूही नये. गुरुजींनी कागदाकडे बघितलं. अजून अर्धा कागद बाकी होता. त्यांनी त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या." त्यांना मी ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच त्यांचं बोलणं एका वाक्यात संपलं.

सगळे ताठ उभे राहिले, माना खाली घालून. मीही राहिलो. एक मिनिट राहिलो असेन. मग डावा गुडघा, मग उजवा. कठडा लांब होता. मी तिच्या स्ट्रेचरचा दांडा धरला आणि सगळ्यांच्या देखत तिथेच फरशीवर बसलो.

एकच धावपळ झाली. कोणी पाणी आणलं, कोणी वारा घालायला लागलं, कोणी म्हणालं, "धक्का बसलाय हो, सहन होत नाहीये त्यांना."

"तसं काही नाही," मी म्हणालो. "गुडघे दुखतायत. बसू द्या जरा."